वेदूचं पथ्य

पोशीरच्या गोदूबाई ठोंबरेला जगात फार थोड्या गोष्टींबद्दल आदर होता, आणि त्यातल्या बहुतेक तिच्या म्हशीच्या अंगी होत्या. माणसांचं म्हणाल तर नवरा नामा आळशी, दीर लबाड, एस्टीचा कंडक्टर माजोरडा, आणि नेरळची रतिबाची घरं म्हणजे सगळा दिखाऊ कारभार. सकाळच्या एस्टीनं दुधाची किटली मांडीत धरून ती नेरळला उतरायची, अकरा घरी दूध घालायची आणि प्रत्येक घराची पायरी उतरताना त्या घराबद्दल मनातल्या मनात एक वाक्य बोलायची. वाक्यं रोज तीच असत. ती बदलावीत असं त्या घरांनी काही केलं नव्हतं.

मात्र तिच्या दुधात पाण्याचा थेंब नसे. हे तिचे शत्रूसुद्धा कबूल करत. बाकीचे दूधवाले वाटेतल्या विहिरीला स्मरून पुढे जात. गोदूबाई विहिरीकडे बघायचीही नाही. नेरळमध्ये बाळंतिणीला आणि तान्ह्या पोराला गोदूबाईचंच दूध लागे. ह्या एका गोष्टीच्या जोरावर ती सगळ्या जगाला तुच्छ लेखायची, आणि जग ते ऐकून घ्यायचं.

तिच्या मनातलं सगळ्यात लांब वाक्य अप्पा खांबेट्यांच्या पायरीवर खर्च व्हायचं. अप्पा म्हणजे पेन्शनीत निघालेले मास्तर. शाळेत चाळीस पोरं समोर असायची, आता एकटी बायको, अनसूयाबाई. त्यामुळे उरलेला सगळा उपदेश त्या माउलीच्या वाट्याला येई. अप्पा दत्ताचे भक्त. दर गुरुवारी पूजा झाली की दत्ताच्या पायाशी असतं त्या प्राण्याला, म्हणजे कुत्र्याला, दूध-पोळी घालायची आणि मगच स्वतः जेवायचं, असा त्यांचा नेम. नेम चांगलाच होता. अडचण एवढीच होती की नेरळच्या बाजारातली कुत्री मटणवाल्याच्या आणि मासळीवालीच्या आशीर्वादानं तट्ट पोसलेली होती. अप्पा सोवळं नेसून, हातात ताटली घेऊन त्यांच्या मागे फिरत. कुत्री दूध-पोळी हुंगत, अप्पांकडे एकदा बघत आणि निघून जात. कधी कधी दुपारचे दोन वाजत आणि मास्तर उपाशीच असत.

आणीबाणीच्या दोनेक वर्षं आधी अशाच एका गुरुवारी एक तांबूस पिल्लू आपल्या पायांनी अप्पांच्या अंगणात आलं आणि ताटलीभर दूध प्यायलं. अप्पांच्या डोळ्यांत पाणी आलं. दत्तानंच पाठवलं, असं त्यांनी आळीभर सांगितलं. दत्ताजवळची चार कुत्री म्हणजे चार वेद, म्हणून पिल्लाचं नाव वेदू ठेवलं. गोदूबाईचं मत असं की पिल्लू भुकेलं होतं, आणि दत्तानं पाठवलं असतं तर जरा बऱ्या घरी पाठवलं असतं. पण दुधाचं मापटं पालथं करता करता तिनं ते मनातच ठेवलं. कारण वेदूसाठी म्हणून अप्पांनी दूध वाढवून घेतलं होतं.

वेदू दूध-पोळीवर वाढला. गुरुवारी वर तूप-साखर, पौर्णिमेला पेढा. दीड वर्षाचा झाला आणि खाजवायला लागला. आधी कान, मग काखा, मग पोट. पायाचे पंजे चाटून चाटून लाल केले. कानांतून आंबूस वास येऊ लागला, पाठीवरचे केस पुंजक्यापुंजक्यानं गळाले, आणि खाली जे कातडं दिसू लागलं ते बघून अनसूयाबाई तोंड फिरवत. मग आळीतली प्रत्येक अक्कल पुढे आली. कुणी खोबरेलात गंधक कालवून दिलं. कुणी तंबाखूच्या पाण्यानं धुवा म्हणालं. एका शहाण्यानं गॅरेजमधलं जळकं ऑइल आणून चोपडलं, ते कुत्र्यानं चाटलं आणि दोन दिवस ओकत राहिलं. अप्पांनी अंगारा लावला आणि अशक्त झालाय म्हणून दूध आणखी वाढवलं.

भाद्रपद संपत आला तशी अप्पांना मार्गशीर्षातल्या दत्तजयंतीची काळजी पडली. त्या दिवशी त्यांच्याकडे शंभर-दीडशे माणूस प्रसादाला येई. दारात असलं लूत लागलेलं कुत्रं दिसणं म्हणजे अशुभ, शिवाय लोक काय म्हणतील. शेजारचा टेंपो खोपोलीला माल घेऊन जायचा. त्यात घालून वेदूला पुढे घाटात सोडून द्यायचं त्यांनी ठरवलं. देवानं पाठवलेलं कुत्रं देवाच्याच वाढदिवसाला नको झालं होतं. हे त्यांनी गोदूबाईच्या देखत, दूध मोजून घेता घेता, बाजारभाव सांगावा तसं सांगितलं. अनसूयाबाई पातेलं धरून उभ्या होत्या. त्यांनी ते मापट्याखालून मध्येच मागे घेतलं आणि थोडं दूध ओट्यावर सांडलं.

गोदूबाईनं ते सांडलेलं दूध बघितलं, मग खांबाला पाठ घासणाऱ्या वेदूकडे बघितलं. घाटात सोडलेलं असलं उघड्या कातड्याचं कुत्रं आठ दिवससुद्धा काढणार नाही, हे तिला ठाऊक होतं. ती म्हणाली, ह्याचे केस माझ्या मापट्यात उडतात, मला घेऊन जाऊ द्या दत्तजयंतीपर्यंत, बरं झालं तर आणीन, मेलं तर माझ्या बांधावर मरेल. दया आली असं ती मेली तरी बोलली नसती. अप्पांनी लगेच परवानगी दिली, आणि वर पथ्य म्हणून रोज दूध पाजायला सांगितलं.

तो दिवस शुक्रवारचा, आणि दर शुक्रवारी बैलबाजाराला जनावरांचा डॉक्टर नेरळला येई. देशावरचा तरुण पोरगा, जाड चष्म्याचा. बैलांचा बाजार सोडून कुत्र्याकडे कोण बघतो, असं गोदूबाईला वाटलं होतं. पण त्यानं वेदूला खाली बसवून कान, काखा, बोटांमधली फट, सगळं बघितलं. घरात आणखी कुणाला खाज सुटलीय का, आळीतल्या दुसऱ्या कुत्र्यांना आहे का, असं विचारलं. नाही म्हटल्यावर त्यानं सांगितलं की ही लूत नाही, लूत असती तर एव्हाना पसरली असती. ह्याच्या अंगाला खाण्यातलंच काहीतरी सोसत नाही. पुवासाठी गोळ्या दिल्या, कडुनिंबाच्या पाण्यानं धुवायला सांगितलं, आणि मग खरं औषध सांगितलं.

"दोन महिने नुसता भात, आणि ह्यानं जन्मात खाल्लं नाही असं एकच काहीतरी. तुमच्याकडे सुके बोंबील असतील, ते भिजवून, उकडून, मीठ-मसाला न घालता. पोळी नाही, तूप नाही, बिस्कीट नाही, दूध तर मुळीच नाही. एक घास चुकला की दिवस पहिल्यापासून मोजायचे."

गोदूबाईला हे सगळं पटलं, एक सोडून. पोळी बाधत असेल; खांबेट्यांच्या घरातली पोळी बाधली तर नवल नाही. तूप तर बाजारचं. पण दूध? तिचं दूध? ज्यावर अर्ध्या नेरळची बाळं वाढली ते? चष्मेवाल्यानं पाणी घातलेलं दूध बघितलं असेल, त्याला म्हशीचं काय कळतंय, असं ती पोशीरपर्यंतच्या वाटेवर मोठमोठ्यानं बोलत राहिली. एस्टीत कुत्रं घेत नाहीत म्हणून ती चालतच निघाली होती, आणि ऐकायला फक्त वेदू होता. तो मध्येच बसून खाजवायचा आणि मग पळत तिला गाठायचा.

घरी गेल्यावर तिनं पथ्य सुरू केलं. भात आपल्या शेतातला, बोंबील उकडलेले. पहिल्या दिवशी वेदूनं बोंबील हुंगला, दचकला, आणि मग थाळीसकट गिळतोय की काय असं झालं. खांबेट्यांचं सोवळं एका घासात उतरलं म्हणून गोदूबाई खूश झाली. आणि जेवण झाल्यावर ती त्याला रोज पितळेच्या वाटीत आपलं दूध द्यायची. डॉक्टरनं नाही म्हटलं होतं म्हणूनच द्यायची. नामा एकदा म्हणाला, अगं, त्यानं नको म्हटलंय ना. त्यावर नामाला जे ऐकावं लागलं त्यात त्याचे आईबाप, त्याचं शेत आणि त्याची अक्कल, तिन्ही आलं.

तीन आठवडे गेले. पुवाच्या गोळ्यांनी जखमा सुकल्या, पण खाज तसूभर हटली नाही. पंजे चाटणं चालूच. गोदूबाईला मनापासून आनंद झाला. डॉक्टर खोटा पडला होता. शुक्रवारी नेरळला तिनं त्याला भर बाजारात सुनावलं की तुझं पथ्य नदीत घाल. तो म्हणाला, बाई, पथ्य मोडलं नाही ना? ती म्हणाली, एक घास नाय मोडला. वाटी म्हणजे घास नव्हे, असा तिचा हिशोब होता.

कोजागरीच्या दोन दिवस आधी म्हैस आटली. गाभण होती, दिवस भरत आले होते, ते व्हायचंच होतं. रतिबाची घरं तात्पुरती दुसऱ्यांकडे गेली आणि सवयीप्रमाणे पातळ दुधाला नावं ठेवू लागली. वेदूची वाटी बंद झाली; ती पालथी घालताना गोदूबाईला त्याची कीव आली, आता बिचाऱ्याचं कसं व्हायचं म्हणून. भात आणि बोंबील तेवढं राहिलं.

दिवाळीत भात झोडायची घाई होती. खळ्यावर काम करता करता तिच्या लक्षात आलं की काहीतरी ऐकू येत नाहीये. वेदूच्या मागच्या पायाचा जमिनीवर होणारा धपधप आवाज. तो पेंढ्यावर ताणून झोपला होता. कार्तिक सरेपर्यंत पाठीवर केस आले, पंज्यांचा लाल रंग गेला, कानांचा वास गेला. गावातली माणसं थांबून बघायला लागली. गोदूबाई प्रत्येकाला सांगायची की हा माझ्या भाताचा गुण. वाटीची आठवण मनात यायची, पण ती तिला आत घ्यायची नाही.

मार्गशीर्ष लागला आणि म्हैस व्याली. तिसऱ्या दिवशी चिकाचा खरवस केला. नामानं आपल्या पानातला मोठा तुकडा वेदूला टाकला. प्रेमानं टाकला, आळशी माणसाला प्रेम करायला वेळ असतो. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी गोदूबाई गोठ्यातून बाहेर आली तर वेदू अंगणात कान खाजवत होता. त्याच्या पुढच्या दिवशी पंजे चाटायला लागला.

ती नामावर ओरडायला वळली आणि मध्येच हिशोब करायला लागली. दोन महिने पोळी नव्हती, तूप नव्हतं, पेढा नव्हता. त्या वेळी फक्त वाटी होती आणि आत्ता फक्त खरवस होता. दोन्ही तिच्या म्हशीचे. ती गोठ्याच्या उंबऱ्यावर बसली. तीन आठवडे ह्या मुक्या जिवाला आपण आपल्या हातानं खाजवायला लावलं, ते केवळ त्या चष्मेवाल्याचा शब्द खाली पडावा म्हणून. तिला स्वतःची लाज वाटली. ही भावना तिच्या फारशी ओळखीची नव्हती, आणि तिचं काय करायचं ते तिला कळेना, म्हणून ती उठली आणि नामाला दोन शिव्या दिल्या. पण त्यांत जोर नव्हता.

त्या दिवसापासून वेदूला भात आणि बोंबलाशिवाय कण मिळाला नाही. जयंतीपर्यंत तो पुन्हा बरा झाला. व्यायल्यावर दहा दिवस दूध देवाला चालत नाही. ते दिवसही उलटले, आणि अप्पांनी प्रसादाच्या बासुंदीसाठी तिची किटलीच्या किटली सांगून ठेवली. गोदूबाईनं ठरवलं होतं की अप्पांना पोळीबद्दल सांगायचं, तुपाबद्दल सांगायचं, पेढ्याबद्दल सांगायचं. दुधाबद्दल बोलायचं नाही. गोदूबाईचं दूध बाधतं, एवढं एक वाक्य नेरळमध्ये सुटलं की अकरा घरं जायला अकरा दिवस लागणार नाहीत. दूध नाही तर तिच्याकडे होतं काय? आळशी नवरा आणि तिखट जीभ.

दत्तजयंतीला अप्पांचं अंगण भरलं होतं. वेदूला दारात बसवलं होतं, गळ्यात झेंडूची माळ. तांबूस केस चकाकत होते. अप्पा येणाऱ्या प्रत्येकाला सांगत होते की दोन महिने पारायण केलं, दत्तानं ऐकलं. घाटाचा आणि टेंपोचा विषय कुणी काढला नाही. गोदूबाई कोपऱ्यात उभी राहून ऐकत होती. पोशीरला पारायण कधी येऊन गेलं, ते तिच्या नजरेतून कसं सुटलं, ह्याचा ती विचार करत होती. तिनं सकाळीच अप्पांना पोळी-तुपाचं सांगितलं होतं, आणि अप्पांनी अडाण्याचं ऐकावं तसं हसून ऐकलं होतं.

आरती झाली. अप्पा चांदीच्या वाटीत बासुंदी घेऊन बाहेर आले. सगळ्यांच्या आधी दत्ताचं कुत्रं, असं म्हणून वाकले. वेदू शेपूट हलवत उठला. बासुंदीचा वास गोदूबाईच्या ओळखीचा होता. तो तिच्या गोठ्याचा वास होता. समोर तिची सगळी घरं बसली होती. तान्ह्या नातवाला मांडीवर घेतलेली स्टेशनमास्तरांची सासू, डॉक्टरीणबाई, वाणी. गप्प बसलं तर आठ दिवसांत त्या पाठीवरचे केस पुन्हा गळणार होते, आणि टेंपो शेजारीच उभा होता.

"अप्पा, ती वाटी थांबवा," ती म्हणाली. "दूध बाधतंय त्याला."

अप्पांनी मान वर केली. वर्गात चुकीचं उत्तर आल्यावर करत तसा चेहरा केला आणि म्हणाले, "गोदू, दूध कधी बाधतं का? आणि हा तर प्रसाद आहे."

"बाधतंय. दुसऱ्या कुनाचं नाय, माझंच. पान्याचा थेंब नसलेलं. मी सोता तीन आठवडे पाजून बघितलंय, डॉक्टर नको म्हनत हुता तरी. मला माझ्या म्हशीचा माज हुता." तिनं दारातल्या वेदूकडे बोट केलं. "तुमी पन तेच करताय. नेम तुमचा हाय, अप्पा. खाज त्याची हाय."

स्टेशनमास्तरांच्या सासूनं नातवाच्या तोंडापुढची, घरून आणलेल्या दुधाची वाटी हळूच खाली ठेवली. अप्पा वाटी घेऊन वाकलेलेच राहिले. सरळ व्हावं तर हरल्यासारखं, वाटी पुढे करावी तर सगळे बघतायत. तेवढ्यात आतून अनसूयाबाई आल्या. त्यांच्या हातात केळीच्या पानावर मोकळा भात होता, नुसता. त्यांनी अप्पांच्या हातातली वाटी काढून घेतली, कुणाकडे न बघता भात वेदूपुढे ठेवला आणि आत गेल्या. पस्तीस वर्षांच्या संसारात त्यांनी अप्पांच्या हातातून काही काढून घेतल्याचं कुणाला आठवत नव्हतं. वेदूनं पान चाटून साफ केलं.

लोकांना प्रसाद मिळाला, पण बासुंदी बरीच उरली. संध्याकाळी अप्पांनी घरातून अंगणात गोदूबाईला निरोप धाडला की ज्याला दत्ताचा प्रसाद बाधतो तसलं कुत्रं आपल्याला नको. गोदूबाईनं झेंडूची माळ काढून तिथल्याच खांबाला अडकवली आणि वेदूला घेऊन चालत पोशीरला गेली.

पुढच्या आठ दिवसांत चार घरं सुटली. स्टेशनमास्तरांची सासू फार गोड बोलून म्हणाली की कुत्र्याला सोसत नाही ते लेकराला कसं द्यावं. एका कुत्र्याच्या अंगाला सोसत नाही म्हणजे दूध वाईट नव्हे, हे गोदूबाई सांगू शकली असती. पण दोन महिन्यांपूर्वी तिला स्वतःला ते कुणी सांगितलं असतं तर तिनं ऐकलं नसतं, हेही तिला आठवत होतं, म्हणून तिनं मापटं उचललं आणि पायरी उतरली. खांबेट्यांचं घर सुटलं नाही. अनसूयाबाई रोज दूध घेताना हळूच विचारायच्या, तो खाजवतो का गं? गोदूबाई नाय म्हणायची. मग त्या पदराआडून तांदळाची पुरचुंडी पुढे करायच्या, त्याच्या नावची म्हणून.

आणि अप्पांचा नेम चुकला नाही. जयंतीनंतरच्या दुसऱ्या गुरुवारी गोदूबाई रिकामी किटली घेऊन एस्टीकडे निघाली होती. ऊन चांगलंच वर आलं होतं. मटणवाल्याच्या दुकानापुढे अप्पा उभे होते. सोवळं नेसलेले, हातात दूध-पोळीची ताटली. पुढे एक काळं कुत्रं बसलं होतं. त्यानं ताटली हुंगली, अप्पांकडे बघितलं आणि उठून चाललं गेलं. अप्पा दुसऱ्याकडे वळले. ते पार थकलेले दिसत होते.

त्या घराचं ठरलेलं वाक्य गोदूबाईच्या जिभेवर आलं. सगळ्यात लांब, सगळ्यात आवडतं. आणि मग तिच्या डोळ्यांपुढे पितळेची वाटी आली, तिच्याच हातातली, एकवीस दिवस भरलेली. वाक्य तिथंच अडलं. ती मान खाली घालून एस्टीत जाऊन बसली, आणि सुट्टे पैसे मागणाऱ्या कंडक्टरला पोशीर येईपर्यंत बोलत राहिली.